मेलेल्यांच्या मापाचे खण

वेंग मुशेंग हा माणूस मला कधीच आवडला नाही. एकतीस वर्षं आमची भिंत एक आहे. तिच्या पलीकडे त्याचा रंधा चालतो, अलीकडे माझं सोन्याच्या वर्खाचं काम. ज्यानं कधी वर्ख लावलाय त्याला पुढचं सांगायला नको. लाख अजून ओलसर असते, श्वास रोखून आपण वर्खाचं पान टेकवायला जातो, आणि नेमका त्याच वेळी शेजारून भुसा उडत येतो. देवाच्या गालावर देवीचे व्रण उठल्यासारखे दिसतात. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वर्षी मी नीट सांगून पाहिलं. तो माझं नाव घेऊन म्हणाला, "भुसा बी देवाचाच हाय, आग्वात. देव्हाऱ्यातनंच पडतुया." तेव्हापासून मी नीट सांगायचं सोडलं.

उंची चार फूट दहा इंच. लुकांगच्या सुतारआळीत त्याला तोंडावर 'मुशेंगआपे' म्हणतात, वयाचा मान म्हणून. पाठीमागे 'आखूड' म्हणतात. अकराव्या वर्षी तो गुरूकडे कामाला राहिला. गुरूच्या कामाच्या बाकाखाली फळ्या ठेवायचा एक कप्पा होता, त्यात तो झोपायचा. घरात भात शिजायचा तो गुरूच्या पोरांसाठी. ह्याला रताळ्याची पेज, तीही भांडं विसळल्यासारखी. हे मला माझ्या सासूनं सांगितलं, त्यानं स्वतः कधीच नाही. गुरूचा विषय निघाला की तो एवढंच म्हणायचा, हात चांगला होता. आणि खरंच, हात चांगलाच असणार, कारण वर्खासाठी माझ्याकडे येणारा मुशेंगचा देव्हारा मी आजवर एकदाही टाचणीएवढ्या फटीसाठी परत पाठवू शकले नाही. संधी शोधून पाहिली, तरी नाही.

आमच्या धंद्यात माप म्हणजे नुसती लांबी नव्हे. आमच्या पोलादी फीत-मापावर, पट्टी म्हणतो आम्ही तिला, सेंटीमीटरच्या जोडीला दोन ओळी असतात. वरची ओळ जिवंत माणसांची: दारं, पलंग, जेवणाची मेजं. खालची ओळ गेलेल्यांची: पितरांचे देव्हारे, नावांच्या पाट्या, थडगी. दोन्ही ओळींत लाल घरं आणि काळी घरं. लाल घरात 'धन', 'भरभराट' असलं काही लिहिलेलं, काळ्या घरात 'आजार', 'कष्ट', 'मरण'. लांबी कधी काळ्यात पडू द्यायची नाही. एखादं बोटभर मागेपुढे झालं तरी चालेल, पण लाल. मुशेंगनं पन्नास वर्षं देव्हारेच केले. त्याची नजर पट्टीवर पडली की सरळ खालच्या ओळीला जायची. वरची ओळ त्याच्या हिशेबात नव्हतीच. जिवंतांसाठी त्यानं कधी काही केलंच नव्हतं म्हणा ना.

पुढे देव्हारे कमी झाले. ताइचुंगसारख्या मोठ्या शहरात घरं काड्यापेटीएवढी, तिथं पितर भिंतीवरच्या फळीवर चढून बसले. मुशेंगच्या रंध्याचा आवाज आठवड्यातून दोनदा यायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वर्ख गुळगुळीत बसायला लागला.

अशात तीन वर्षांपूर्वी च्वो आला. चांगहुआ शहरात त्याचं सापांचं दुकान. विकायचे, पाळायचे साप. मक्याचे साप म्हणतात त्यांना, पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी नक्षी असते. विष नाही, चावा नाही, सहसा. च्वो चाळिशीचा, दाढी कोरलेली, बोलणं जाहिरातीसारखं. त्याला खणांची उंच कपाटं हवी होती. एका कपाटात वीस खण, एका खणात एक साप, पुढे काच, मागून गरम पट्टी. प्लास्टिकच्या खणांना गिऱ्हाईक नाक मुरडतं, लाकूड असलं की सापाला भाव येतो, असं त्याचं म्हणणं.

मुशेंगनं पहिल्या दिवशी त्याला हाकललं. दुसऱ्या आठवड्यात स्वतः फोन केला. कारण मी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती, रंधा दहा दिवस गप्प होता.

च्वोनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, कापराचं लाकूड चालणार नाही, त्याच्या वासानं साप आजारी पडतो. मुशेंगचा जीव कापराच्या लाकडात, त्यामुळे तो कडवट झाला, पण त्यानं कापराच्या सगळ्या फळ्या उचलल्या आणि माझ्या भिंतीला लावल्या. दुसरी गोष्ट, खण साधारण अर्ध्या मीटरचा ठेवा, नेमकं काय ते तुम्ही बघा. आणि मग जाता जाता तो म्हणाला की साप पेटीएवढाच वाढतो. पेटी लहान, साप लहान. शहरात लोकांची घरं लहान, त्यांना लहानच साप हवा. "निसर्गाची सोय आहे, आपे," असं म्हणाला.

मुशेंगनं पट्टी ओढली, पन्नासावर बोट ठेवलं आणि मान हलवली. पन्नास. लाल घर. भरभराट. एवढा वेळ लागला त्याला शंभर सापांची घरं ठरवायला.

काचेच्या कडेला फट राहिली तर साप निसटतो, ते तपासायला च्वो एक साप ठेवून गेला. प्रत्येक कपाट झालं की त्यात हा सोडून बघा, म्हणाला. तांबूस-नारिंगी, बोटाएवढा जाड, सत्तर सेंटीमीटर. सोबत गोठवलेल्या उंदराच्या पिल्लांची पिशवी. महिन्याला एक, त्याच्यावर नाही. मुशेंगनं त्याचं नाव पट्टी ठेवलं. मापासाठी आणलेला म्हणून.

मी साप बघितल्याबरोबर भांडले. एक तर भुसा, वर कापूर, आता साप. तो म्हणाला पोर हाय अजून, चार-सहा महिन्यांचं असंल, तुला काय करतंय. मी म्हटलं उद्या मोठं झालं की मला काय करतंय ते कळेल.

पहिलं कपाट न्यायला च्वो आला तेव्हा मी दारातच होते. मी त्याला विचारलं की हे पिल्लू वाढून केवढं होईल. च्वो हसला. हे पिल्लू नव्हे मावशी, म्हणाला, पाच वर्षांचा आहे हा. बघा, पेटीनं कसा आवरून धरलाय.

तो गेला. मुशेंग काच पुसत राहिला. खणात पट्टी उभ्या काचेला नाक घासत इकडून तिकडे जात होता, तिकडून इकडे. मला भुशाचा राग होता, कापराचा होता, आणि जीभ माझी आधीच धारदार. मी म्हटलं, "पाच वर्सं खणात, म्हणून एवढुसा. आन् तुला तुज्या गुरूनं कुठल्या मापात ठिवला व्हता रं?"

एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. काम हातात असताना त्यानं रंधा फडक्यात गुंडाळून ठेवला. मी घरी आले, दिवसभर वर्ख लावला, भुशाचा एक कण आला नाही. मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या बसनं चांगहुआला गेला. च्वोच्या दुकानात नाही, तर बाजारामागं फान नावाच्या एका म्हातारीचं सापांचं जुनं दुकान आहे तिथं. ती म्हातारी तोंडाची फटकळ, हे मला नंतर कळलं, कारण तिनं त्याला काय काय ऐकवलं ते त्यानंच आळीत सांगितलं. ती म्हणाली, पेटीनं कुठला साप थांबतो? पेटी काय त्याच्या हाडांना कुलूप लावते? उपाशी ठेवला की थांबतो. महिन्याला एक पिल्लू म्हणजे मरू न देण्यापुरतं. अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा उंदीर घ्या, आठ-दहा दिवसांनी एक द्या, आणि बघा. पण हेही ऐका, वाढला की त्याला ताणून सरळ पडायला जागा पाहिजे. गुंडाळून राहिला की अंगातली ताकद जाते, नाक सोलून निघतं.

ह्यातलं पहिलं त्यानं ऐकलं. दुसरं ऐकलं नाही. खण त्याचा स्वतःचा होता, मापात बसलेला होता, आणि स्वतःच्या हातच्या कामाला कोणी नावं ठेवली तर मुशेंगला कान नसतात.

त्यानं उंदीर आणले, माझ्या फ्रिजमध्ये ठेवू देशील का म्हणून विचारायला आला. मी दार लावून घेतलं. मग त्यानं स्वतःचा जुना फ्रिज दुरुस्त केला. कालवांच्या थालीपिठाच्या गाडीवरची बाई त्याला रोज शिल्लक बर्फ द्यायची, तीच त्याच्यावर हसायला लागली की आपे आता उंदीर खातात. त्यानं तिच्याकडची थालीपिठं बंद केली. तीन महिने तो माणूस पेज आणि खारवलेली मोहरीची पानं खाऊन राहिला, फक्त भांडण राखायला.

पट्टी वाढला. कातीमागून कात टाकत गेला. दर कातीनंतर मुशेंग त्याला बाकावर सरळ करायचा प्रयत्न करायचा, साप काही सरळ राहायचा नाही, मग तो सुतळीनं त्याच्या वळणांवरून माप काढायचा आणि सुतळी मोजपट्टीवर धरायचा. ऐंशी. नव्वद. एकीकडे तो च्वोची कपाटं करत होता, दुसरं, तिसरं, चौथं, आणि प्रत्येक खणात पट्टीला सोडून फट बघत होता. पाचव्या कपाटाच्या वेळी पट्टी खणात वळून दोन पदरी पडला होता आणि नाकाचं टोक लाल झालं होतं, कातडं निघालेलं. मुशेंगनं ते बघितलं. मी बघितलं की त्यानं बघितलं. तो काच पुसायला लागला.

च्वो पाचवं कपाट न्यायला आला त्या दिवशी मी कापराच्या फळ्यांवरून भांडायला त्याच्या दारात गेले होते. आत आधीच भांडण चालू होतं, त्यामुळे मी थांबले. ऐकायला थांबले, खोटं नाही.

च्वोच्या हातात पट्टी होता. कोपरापासून खाली लोंबणारा, धडधाकट. "आपे, हे काय करून ठेवलंत? मी छोट्या जातीचा म्हणून हा विकलाय. गिऱ्हाईक उद्या येतंय."

"जात बीत काय न्हाई. उपाशी व्हता."

"मला माझा धंदा शिकवू नका."

"तू म्हनला साप पेटीएवढाच वाढतो. मी त्याला तुज्याच पेटीत ठिवला. पेटी तीच, खण त्योच. मंग वाढला कसा? सांग की, शेठ."

च्वोनं पट्टीला खणात कोंबला आणि काच सरकवली. दाढी खाजवली. मग त्याला उत्तर सापडलं, आणि ते नेमकं होतं. त्यानं विचारलं, खण कुणी केले? मी अर्धा मीटर साधारण म्हटलं होतं. तुम्ही साठ केला असतात, सत्तर केला असतात, मी काय नको म्हणालो असतो? पन्नास तुम्ही ठरवलंत. शंभर खण तुमच्या हातचे आहेत. चार कपाटांत साप आहेत, पाचव्यात येतील. आता माझ्या एका सापासाठी गळा काढताय.

मुशेंगची मान ताठ झाली. चार फूट दहा इंचाचा माणूस मान ताठ केली की आणखी हास्यास्पद दिसतो. "पन्नास सुभ हाय," तो म्हणाला. "भरभराट हाय. मी आयुष्यात काळ्या घरात खिळा ठोकला न्हाई."

त्याला गप्प करायला आले होते मी. कापराचं राहिलं बाजूला. बाकावरची मोजपट्टी मी उचलली, खणाच्या तोंडापासून आतपर्यंत लावली आणि पन्नासावर अंगठा दाबला.

"कुठल्या वळीत?" मी विचारलं.

मी पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. खालच्या ओळीत, गेलेल्यांच्या, पन्नासावर लाल घर, भरभराट. वरच्या ओळीत, जिवंतांच्या, पन्नासावर काळं घर. आजार.

"जित्या जनावराचं घर हाय का पितरांचं?" मी म्हटलं. "शंभर केलंस."

त्यानं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. आमच्या धंद्यात एखाद्यानं माप चुकवलं तर लाकूड वाया जातं, चालतं. पण जिवंताला मेलेल्याच्या ओळीत बसवणं ही चूक सुतारआळीत कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. तशी गोष्टसुद्धा कुणी सांगत नाही.

च्वोचा चेहरा उतरला होता. जाहिरातीसारखं बोलणारा हाच माणूस दर चांद्रमहिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या दिवशी दुकानापुढे मेज मांडून भूमीदेवाला फळं आणि देवासाठी छापलेल्या कागदी नोटा वाहतो, हे सगळ्या चांगहुआला माहीत आहे. तो हळूच म्हणाला की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही. साप राहू दे इथंच, गिऱ्हाइकाला मी दुसरा देईन. पाचवं कपाट मी नेतो, सहावं करू नका, आणि आपण तिघांनी हा विषय इथंच सोडायचा. तुमच्या नावालाही तेच बरं, आपे.

खरं होतं ते. कुणी बोललं नसतं तर पट्टी मुशेंगकडे राहिला असता आणि मुशेंगचं नावही राहिलं असतं. मी बोलले नसते का? माहीत नाही. वर्खाचं काम मलाही त्याच्या देव्हाऱ्यांवरच मिळतं. त्याचं नाव बुडलं तर माझी चूल विझते. मी गप्प बसले असते, असं मला वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून मला त्याचा आणखी राग येतो.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर गेला. तिथं आळीतले सगळे सुतार चहा पितात. तो उभाच राहिला, मोजपट्टी ओढली आणि सगळं सांगितलं. खण किती, कुठली ओळ, साप उपाशी कसे ठेवतात, पट्टीचं नाक कसं सोललं. ते झाल्यावर बस पकडून च्वोच्या दुकानात गेला आणि तेच तिथल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. च्वोनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यानं ते रस्त्यावर उभं राहून सांगितलं.

लोकांचं काय सांगावं. एवढी जनावरं वर्षानुवर्षं अर्धपोटी ठेवली, ह्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. ओळ चुकली म्हणताच सगळे हादरले. गिऱ्हाइकं दुकानात आल्या आल्या विचारायला लागली की हा साप कुठल्या ओळीत वाढलाय. च्वोनं दोन महिन्यांत पाचही कपाटं फोडली आणि मीटरभराचे खण आणले. पट्टीला परत मागायला तो आला नाही, ओळ चुकलेला साप त्याला दुकानात नको होता. महिन्याला एक पिल्लू देणं त्यानं बंद केलं की नाही ते मला ठाऊक नाही. फान म्हातारी म्हणते, विकत घ्यायला येणाऱ्यांना आता वय विचारायची अक्कल आली आहे, तेवढं पुरे.

आणि मुशेंगकडे देव्हारा सांगायला कुणी येईना. ज्याला दोन ओळींतला फरक दिसत नाही त्याच्याकडे आपले पितर कोण देणार? अर्धवट झालेला एक देव्हारा होता, सागवानी, तोही घरवाल्यांनी नको म्हणून कळवलं. माझ्याकडचं काम अर्ध्यावर आलं. मी त्याला ते रोज ऐकवलं, भिंतीवर मूठ आपटून.

त्या सागवानाची त्यानं पेटी केली. पट्टी तोवर एकशे पाच झाला होता. पेटी एकशे तीसची. एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार, वर हवेला जाळी, पुढे काच. देखणी होती, बघून माझे हात शिवशिवले, पण मी म्हटलं गावातली पोरं आत झोपतील एवढी आहे. पट्टीला आत सोडला तर तो एका कोपऱ्यात जाऊन वेटोळं करून बसला आणि तीन आठवडे खाईना. उंदीर ठेवावा, सकाळी तसाच. मी विचारलं, आता कुठली ओळ चुकली? तो पुन्हा बसनं फानकडे गेला. पुन्हा ऐकून आला. आयुष्यभर खणात राहिलेल्या जनावराला एकदम मैदानात सोडलंत, म्हणाली ती, लपायला काही दिलंत का? मग त्यानं दोन छोट्या ढोल्या केल्या, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, अंग घासून आत जाता येईल एवढ्याच. चौथ्या दिवशी उंदीर नाहीसा झाला. त्या महिन्यात पट्टी पहिल्यांदा काचेच्या कडेनं पूर्ण सरळ पडला, शेपटीपासून नाकापर्यंत. नाकावर नवं कातडं आलं होतं.

मुशेंग बाहेर गेला होता तेव्हा मी आत जाऊन मोजलं. एकशे तीस. वरच्या ओळीत लाल, धन. खालच्या ओळीत काळं, कष्ट. त्यानं मुद्दाम निवडलं होतं ते. त्या पेटीत कुणाचेही पितर बसवता येणार नाहीत.

गेल्या आठवड्यात तो माझ्या दारात उभा राहिला, मोजपट्टी कमरेला अडकवलेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तक्रार त्याची होती. तुज्या लाखेचा वास माज्याकडं येतो, म्हणाला, जनावराला सोसत न्हाई, खिडकी लावून घे.

मी म्हटलं, "लाख बी देवाचीच हाय."

तो पाय आपटत गेला. खिडकी मी उघडीच ठेवली. त्या आठवड्यात माझ्याकडे लाखेचं काम नव्हतंच, मग वास कुठून यायचा. हे मी त्याला सांगितलं नाही.